नाव, काम आणि आवाज : स्कॉटलंडच्या एका पाखराची ओळख



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहिले की बोनस, महागाई भत्ता, नाहीतर एखाद्या संपाचा इतिहास सांगावा, अशी अपेक्षा असते. आम्ही आज सांगणार आहोत तो इतिहास एका पाखराचा आहे. आणि तेही आपल्या मुलखातले नव्हे, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पाइनच्या रानात राहणारे. विषय ऐकून काहींना गंमत वाटली असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. कारण या इतिहासातला मूळ प्रश्न आमच्या रोजच्या धंद्यातलाच आहे : एखाद्याची ओळख कशावरून पटवावी?

कंत्राटी कामगाराचे प्रकरण सुनावणीला उभे राहिले म्हणजे पहिला वाद मागणीवर होत नाही, ओळखीवर होतो. 'हा आमचा माणूस नव्हे,' असे मालकाचा वकील सांगतो आणि पुराव्यादाखल गणवेश दाखवतो. गणवेशावर नाव कंत्राटदाराचे असते, हजेरीपटही कंत्राटदाराचा असतो. मग आम्ही विचारतो, हा माणूस यंत्र कोणाचे चालवतो? त्याला हुकूम कोण देतो? तो रोज काय काम करतो? गणवेश एका रात्रीत बदलता येतो. वर्षानुवर्षे केलेले काम लपत नाही. अशा वादात निम्मे वय गेल्यामुळेच असेल, नगरवाचनालयात एकदा या पाखराची हकीकत हाती लागली तेव्हा ती आमच्या मनातून गेली नाही. शंभर वर्षे जाणकारांनी या पाखराचा गणवेश तपासला, आणि ओळख पटली ती शेवटी त्याच्या हत्यारावरून, त्याच्या घरसंसारावरून आणि त्याच्या आवाजावरून.

या पाखराचे नाव स्कॉटिश क्रॉसबिल. हा फिंच कुळातला पक्षी आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या सह्याद्रीपर्यंत येणारा गुलाबी छटेचा रोझफिंच याच कुळातला. क्रॉसबिल चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने भरलेला, डोक्याने जाड. नर विटकरी तांबडा, मादी हिरवट. परंतु त्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर खिळते ती चोचीवर. वरची आणि खालची चोच टोकाशी जुळत नाही. कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींना ओलांडून जाते. प्रथम पाहणाऱ्याला वाटावे की बिचाऱ्याच्या चोचीत जन्मतःच काही व्यंग आहे.

पण ते व्यंग नव्हे, हत्यार आहे. पाइन, स्प्रूस, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे बी लाकडी शंकूच्या आत, एकावर एक घट्ट बसलेल्या खवल्यांच्या मागे दडलेले असते. शंकू पिकून उघडला म्हणजे बी कोणीही टिपून घेईल. शंकू मिटलेला असताना बी काढणे हे कसबी कारागिराचे काम. क्रॉसबिल दोन खवल्यांच्या फटीत चोच घुसवतो, खालची चोच बाजूला सरकवतो, खवले फाकतात, आणि जिभेने तो बी उचलून घेतो. सुताराने पटाशी घालून फळी उकलावी तशातला हा प्रकार. काही पक्ष्यांत खालची चोच डावीकडे वळलेली असते, काहींत उजवीकडे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याची चोच सरळ असते. घरटे सोडल्यावर काही आठवड्यांनी ती ओलांडू लागते, आणि हात बसेपर्यंत आईबापांना त्याला भरवावे लागते. उमेदवारीचा काळ म्हणतात तो हाच.

काम असे असल्यामुळे त्याचे वेळापत्रकही जगावेगळे आहे. स्कॉटलंडच्या पाइनचे शंकू हिवाळा संपता संपता, वसंताच्या तोंडी उघडू लागतात. त्या सुगीला पिल्ले तयार हवीत म्हणून हे पाखरू फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोंगरावर बर्फ असताना घरटे करते. इतर पक्ष्यांना जेव्हा जीव वाचवण्याची पंचाईत, तेव्हा याच्या घरी पाळणा हलतो.

क्रॉसबिलची इंग्लंडमधली पहिली ठळक नोंद सापडते ती १२५१ सालची. सेंट आल्बन्सच्या मठातला मॅथ्यू पॅरिस हा साधू त्या काळचा मोठा बखरकार. राजे, लढाया, दुष्काळ यांच्या जोडीला त्याने लिहून ठेवले की त्या वर्षी पूर्वी न पाहिलेले पक्षी बागांत उतरले, त्यांच्या चोचींची टोके एकमेकांवरून गेलेली होती, आणि सफरचंदे कापून ते आतल्या बिया खात होते. साधूने पाहिले ते नेमके पाहिले. उत्तरेकडच्या रानात बी फार पिकले आणि पाठोपाठ हंगाम बुडाला, म्हणजे क्रॉसबिलांचे थवेच्या थवे पोटासाठी मुलूख सोडून निघतात. दुष्काळात माणसे देशोधडीला लागतात तसेच हे. युरोपातील भाविक जनतेने या चोचीला आपली कथाही जोडली : येशूला क्रुसावर ठोकले तेव्हा या पाखराने खिळे उपसण्याचा प्रयत्न केला, त्यात त्याची चोच वाकली आणि पिसे रक्ताने माखली. कष्टाने अवयवाचा आकार बदलतो, हे लोकांना शास्त्राच्या आधीच सुचलेले होते, एवढे त्यातून दिसते.

१७५८ साली स्वीडनच्या लिनीयसने युरोपातल्या सामान्य क्रॉसबिलला शास्त्रीय नाव दिले. १७९३ साली बोर्कहाउझेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने थोराड, जाड चोचीचा दुसरा क्रॉसबिल वेगळा काढला. त्याला पोपटासारख्या चोचीमुळे पॅरट क्रॉसबिल म्हणतात. या दोघांची विभागणी कामावरून समजते. सामान्य क्रॉसबिल मुख्यतः स्प्रूसच्या पातळ खवल्यांच्या शंकूवर जगतो. पॅरट क्रॉसबिल पाइनच्या जाड, कठीण शंकूवर. जसा माल, तसे हत्यार. आता प्रश्न असा उरला की स्कॉटलंडच्या पाइनच्या रानात बारमाही राहणारा, या दोघांच्या मधल्या मापाचा जो क्रॉसबिल आहे, तो कोणाचा?

त्याचे उत्तर देण्याआधी ते रान पाहिले पाहिजे. कारण पाखराची ओळख आणि रानाचे नशीब एकमेकांत गुंतलेले आहे. हिमयुग सरल्यावर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर पाइनची अरण्ये पसरली. पुढे हवा पालटली, माणसाने शेते काढली, गुरे चारली, आणि अरण्य आकसत गेले. मग व्यापाराचे युग आले. १७२८ साली लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने स्पे नदीच्या खोऱ्यातील ॲबरनेथीच्या रानातली ६०,००० झाडे ७,००० पौंडांना विकत घेतली. ओंडक्यांचे तराफे बांधून नदीतून समुद्राकडे सोडायचे. तराफ्यावरची माणसे दिवसभर थंडगार पाण्यात उभी असत. रान विकणारा जमीनदार, घेणारी लंडनची कंपनी. कुऱ्हाड चालवणाऱ्यांची आणि तराफे हाकणाऱ्यांची नावे सौद्याच्या कागदात नसतात.

एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या शौकासाठी मोठमोठ्या जमिनी हरणांना मोकळ्या सोडण्यात आल्या. हरणे पाइनची रोपे वर येऊ देत नाहीत. म्हातारी झाडे उभी, त्यांच्या खाली लेकरू नाही, अशी रानाची अवस्था झाली. त्यावर दोन महायुद्धे. खाणींचे टेकू, रेल्वेचे स्लीपर, पेट्यांच्या फळ्या, सगळ्याला लाकूड हवे. दोन्ही युद्धांत कॅनडाहून लाकूडतोड्यांची पलटण आणली गेली. १९४१ पासून ब्रिटिश होंडुरासमधून, म्हणजे आजच्या बेलीझमधून, सुमारे नऊशे काळे मजूर स्कॉटलंडच्या थंडीत लाकूड तोडायला आले. १९४३ मध्ये त्यांचे पथक मोडण्यात आले. अशा रीतीने साम्राज्याच्या चारी कोपऱ्यांतले हात लागून ते रान विरळ झाले. मूळच्या पाइनच्या रानाचे आज ८४ तुकडे अधिकृत यादीत नोंदलेले आहेत. सगळे मिळून सुमारे १८,००० हेक्टर.

आता पाखराकडे येऊ. १९०४ साली अर्न्स्ट हार्टर्ट या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या क्रॉसबिलला 'स्कॉटिका' हे नाव दिले. हा हार्टर्ट इंग्लंडमध्ये ट्रिंग येथे, सावकारी घराण्यातल्या वॉल्टर रॉथ्सचाइल्डच्या खासगी संग्रहालयात पक्ष्यांचा विभाग सांभाळत असे. लाखो पक्षी तिथे कापूस भरून खणांत निजवलेले होते. (धन्याला पैशाची अडचण आल्यावर १९३२ साली त्यातले बहुतेक न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला विकले गेले, ही गोष्ट वेगळी.) हार्टर्टने कातडी शेजारी शेजारी ठेवून मोजली आणि स्कॉटलंडच्या पक्ष्याची चोच सामान्य क्रॉसबिलपेक्षा जाड आहे, हे दाखवले. पण त्याने त्याला स्वतंत्र जात मानले नाही. सामान्य क्रॉसबिलची पोटजात म्हणून नोंदले.

इथे एक खुलासा हवा. आपल्या समाजात 'जात' हा शब्द ज्या अर्थाने माणसाच्या गळ्यात बांधला जातो, तो अर्थ इथे नाही. पक्षिशास्त्रातली जात म्हणजे असा समूह की जो मुख्यतः आपसांतच जोड्या जमवतो आणि शेजारच्या समूहात मिसळून नाहीसा होत नाही. पोटजात म्हणजे त्याच समूहाची एखाद्या मुलखातली थोडी निराळी शाखा. हा भेद कागदी वाटेल, परंतु त्याला परिणाम आहेत. पोटजात नष्ट झाली तर लोक म्हणतात, मूळ जात अन्यत्र आहेच. स्वतंत्र जात एकाच मुलखात असेल आणि तिथून गेली, तर ती पृथ्वीवरून गेली.

पुढची सत्तर वर्षे हा पक्षी दोन घरांच्या मध्ये ताटकळत राहिला. कोणी त्याला सामान्य क्रॉसबिलच्या पदरी घातले, कोणी पॅरट क्रॉसबिलच्या. कारण सगळा पुरावा चोचीच्या मापाचा, आणि माप तर मधले! तिघांतला फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा. सामान्य क्रॉसबिलमधला थोराड आणि स्कॉटिशमधला किरकोळ यांची मापे एकमेकांत शिरतात; स्कॉटिशमधला थोराड पॅरटच्या मापाशी जाऊन भिडतो. रंगाने तर तिघे जवळजवळ सारखेच. उंच झाडाच्या शेंड्यावर शंकूला उलटा लटकलेला पक्षी दुर्बिणीतून पाहून कोणी छातीठोक सांगू लागला, तर जाणकार त्याला हळूच विचारत, 'कशावरून?'

मेलेल्या कातड्यांकडून जिवंत पाखराकडे लक्ष वळवणाऱ्यांत डेस्मंड नेदरसोल-टॉम्पसन हे नाव मोठे आहे. हा लंडनमधला शाळामास्तर. उमेदीच्या वयात पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्याला नाद होता. पुढे नोकरी सोडून तो स्कॉटलंडच्या डोंगरात राहायला गेला आणि गोळा करणारा होता तो पाहणारा झाला. घरटे कोणत्या झाडावर, मादी किती दिवस अंड्यांवर बसते, नर तिला कसे भरवतो, बर्फ पडले की काय होते, हे त्याने हिवाळ्यामागून हिवाळे रानात काढून टिपले. १९७५ साली त्याचा पाइनच्या क्रॉसबिलांवरचा ग्रंथ निघाला. विद्यापीठाच्या खुर्चीवर न बसलेल्या माणसाने लिहिलेला तो ग्रंथ आजही मानाने वाचला जातो. स्वतःच्या पायावर शिकलेल्या आमच्यासारख्यांना त्यात समाधान वाटले तर आपण समजून घ्याल.

१९८० साली ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने स्कॉटिश क्रॉसबिलला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. (नावात युनियन असली तरी ही मजुरांची नव्हे, १८५८ साली स्थापन झालेली पक्षिशास्त्रज्ञांची संस्था.) ब्रिटनमध्ये आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, असा हा एकच पक्षी ठरला. देशाला अभिमान वाटला. पण अभिमान वाटला म्हणजे पुरावा झाला असे नव्हे. उलट, जिथे अभिमान गुंतलेला असतो तिथे पुरावा दुप्पट कसोशीने तपासावा लागतो. आणि टीकाकारांनी नेमके हेच म्हटले. तुम्हाला स्वतःचा एक पक्षी हवा होता, म्हणून तो तुम्हाला सापडला, असा त्यांचा आरोप होता.

त्यातच १९९१ साली नवा पेच निघाला. ॲबरनेथीच्या रानात पॅरट क्रॉसबिल घरटी करताना आढळले. सामान्य क्रॉसबिल तर अधूनमधून उत्तरेकडून येऊन तिथे राहतच होते. म्हणजे एकाच रानात, एकाच हंगामात, तीन मापांच्या चोची! मग मधल्या मापाचा पक्षी हा थोरल्या आणि धाकट्याच्या संकरातून झालेला कशावरून नव्हे? शिवाय २००१ साली तिघांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत तिघांना वेगळे काढील असा काहीच फरक मिळाला नाही. स्कॉटिश क्रॉसबिलचा दावा जवळजवळ निकालात निघाल्यासारखा झाला.

अशा वेळी पक्षी संरक्षणाच्या रॉयल सोसायटीतील रॉन समर्स आणि त्यांचे सहकारी यांनी कानावर भिस्त टाकली. क्रॉसबिल उडताना एक लहानसा तुटक आवाज सतत काढतात; तसेच कोणी उपरा जवळ आला, धोका वाटला की दुसराच, अधिक खोल असा आवाज काढतात. हे आवाज ध्वनिमुद्रित करून यंत्राने त्यांचे आलेख काढले, म्हणजे प्रत्येक आवाजाची एक लहानशी रेघाटी कागदावर उमटते. कोणाची वर चढून खाली येते, कोणाची नुसती उतरते. कानाला सारखे वाटलेले आवाज कागदावर वेगळे दिसले. जाळ्यात धरलेल्या पक्ष्यांच्या चोची मोजून त्यांचेच आवाज नोंदले, तेव्हा एका मापाच्या पक्ष्यांचा आवाज एका घाटाचा, दुसऱ्या मापाच्यांचा दुसऱ्या घाटाचा, असा मेळ बसू लागला.

पण चांगला तपासनीस एका साक्षीदारावर निकाल देत नाही, आणि आवाजाविरुद्ध आक्षेपही खराच आहे. क्रॉसबिलची पिल्ले आवाज आईबापांकडून शिकतात. जोडी जमली की नरमादीचे आवाज एकमेकांच्या जवळ येतात, हेही दिसून आले आहे. मग हा वेगळेपणा रक्ताचा की नुसता बोलीचा? कोल्हापूरचा माणूस आणि नागपूरचा माणूस वेगळे बोलतात, म्हणून ते वेगळ्या जातीचे प्राणी ठरत नाहीत.

म्हणून त्यांनी आणखी दोन साक्षी काढल्या. पहिली साक्ष घरट्याची. कोण कोणाशी संसार करतो, ते पाहायचे. एकाच रानात तिन्ही प्रकार शेजारी असताना जोड्या जवळजवळ सर्वच आपापल्या प्रकारात जमलेल्या आढळल्या. मोठ्या चोचीचा नर मोठ्या चोचीच्या मादीबरोबर, मधल्याचा मधलीबरोबर, आणि आवाजही तसेच जुळणारे. दुसरी साक्ष पिल्लांची. मोठी झालेली पिल्ले मोजली, तर त्यांच्या चोची आईबापांच्या मापावर गेलेल्या निघाल्या. म्हणजे मधले माप हा योगायोग नव्हता. ते पिढीकडून पिढीकडे उतरत होते. आवाज जोडीदार शोधायच्या कामी येतो, जोडी आपल्यातच जमते, आणि हत्यार वारशाने मिळते. तिन्ही साक्षी एकमेकींना आधार देतात. २००६ साली सोसायटीने हा निष्कर्ष जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांतला फरक लहान आहे, वाट फुटून फार काळ लोटलेला नाही, असे मानणारे या पक्ष्याला अजूनही स्वतंत्र जात म्हणायला कचरतात. हा वाद चालू राहो. पुरावा मांडून होणारा वाद शास्त्राला पोषकच असतो.

श्रोतेहो, इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २००८ सालच्या शिरगणतीत आहे. एखाद्याची ओळख पटत नाही तोवर त्याची मोजदाद होत नाही; मोजदाद नाही तोवर तो थोडा आहे की फार, वाढतो आहे की घटतो आहे, हे कोणाला सांगता येत नाही; आणि ते सांगता आले नाही तर त्याच्या वतीने मागणी तरी कशाची करायची? आवाजाची किल्ली हाती आल्यावर त्या वर्षी जानेवारी ते एप्रिल अशी पहिली संपूर्ण पाहणी झाली. पाहणी करणाऱ्यांनी उत्तर स्कॉटलंडच्या रानात ठरलेल्या जागी थांबायचे, क्रॉसबिलचा मुद्रित आवाज वाजवायचा, उत्तरादाखल जवळ येणाऱ्या पक्ष्याचा आवाज मुद्रित करायचा, आणि मागाहून आलेख काढून तो कोण होता हे ठरवायचे. नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणाचेही नाव लिहायचे नाही. हिशेब निघाला तो सुमारे ६,८०० जोड्यांचा. अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा किती, हेही त्यांनी सोबत छापले. आकड्याबरोबर त्याची कच्ची बाजू सांगणारा हिशेबनीस आम्हाला नेहमीच विश्वासू वाटत आला आहे.

या पाहणीतून आणखी एक उपयोगाची गोष्ट कळली. हा पक्षी मूळच्या पाइनच्या रानापुरता राहिलेला नाही. १९१९ साली ब्रिटनमध्ये वनखात्याची स्थापना झाली, ती युद्धाने तोडलेल्या लाकडाची भरपाई करण्यासाठी. त्या खात्याने अमेरिकेतून आणलेल्या लॉजपोल पाइनची आणि सिट्का स्प्रूसची, तसेच लार्चची मोठी लावणी केली. स्कॉटिश क्रॉसबिल या लावलेल्या रानांतही पोट भरतो. एक पीक बुडाले की दुसऱ्या झाडाकडे जातो. मधल्या मापाच्या हत्याराचा फायदा हाच : कोणत्याही एका मालात तो पहिल्या नंबरचा कारागीर नसेल, पण चार प्रकारचा माल त्याला उकलता येतो. तेव्हा कोणती झाडे केव्हा तोडावीत, त्यांच्या जागी काय लावावे, मूळ रानाभोवतीची हरणे किती ठेवावीत, हे ठरवणाऱ्यांना आता या पक्ष्याचा विचार टाळता येत नाही. ॲबरनेथीचा मोठा भाग १९८८ साली पक्षी संरक्षण सोसायटीने विकत घेतला. त्याच्या दोनशे साठ वर्षे आधी जे रान झाडांच्या संख्येवर विकले गेले, तिथे पाइनची रोपे पुन्हा आपोआप उगवून वर येऊ लागली आहेत.

स्कॉटलंडची हकीकत अपवाद वाटू नये म्हणून दुसऱ्या दोन मुलखांकडे पाहू. अमेरिकेत आयडाहो राज्याच्या दक्षिण भागात दोन लहान डोंगररांगांवर लॉजपोल पाइनचे रान आहे. इतरत्र या पाइनच्या बियांवर खारींचा पहिला हक्क असतो. त्यामुळे तिथली झाडे खारींपासून बचाव करणारे शंकू घडवत आली. या डोंगरांवर मात्र खार नाही. तेव्हा बी खाणारा मुख्य पक्षी क्रॉसबिल, आणि झाडाचा बचावही त्याच्याविरुद्ध. शंकूचे खवले जाड होत गेले, तसतशी तिथल्या क्रॉसबिलची चोच दणकट होत गेली. क्रेग बेंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षे तपासले आणि २००९ साली त्या पक्ष्याला नाव दिले. नावाचा अर्थच 'खारीविना'. २०१७ साली अमेरिकेच्या पक्षिशास्त्रीय संस्थेने त्याला कॅसिया क्रॉसबिल म्हणून स्वतंत्र जात मानले. तिथेही ओळखीची पहिली खूण आवाजच होता.

दुसरा मुलूख आपला हिमालय. तिथल्या उंचावरच्या सूचिपर्णी रानात क्रॉसबिल आहे. अंगाने लहान, चोचीने बारीक. त्याला 'हिमालयेन्सिस' हे नाव १८४५ साली दिले ते एडवर्ड ब्लाइथने. हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात १८४१ ते १८६२ पर्यंत अपुऱ्या पगारावर राबलेला क्युरेटर. आपल्या या पाखराला शास्त्र अद्याप सामान्य क्रॉसबिलची पोटजात मानते. आमच्या नगरातील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या ध्वनिमुद्रक घेऊन हिमाचलाच्या किंवा अरुणाचलाच्या रानात जावे आणि या पाखराचे म्हणणे टिपून आणावे, एवढी इच्छा इथे बोलून दाखवतो.

एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली. २००७ साली युरोपातील पक्ष्यांचा हवामानावर आधारलेला नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. स्कॉटिश क्रॉसबिलला मानवते तशी हवा या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये राहणार नाही, ती आइसलँडमध्ये सापडेल, असे त्यातील गणित सांगते. आइसलँड समुद्रापलीकडे, आणि तिथे पाइनचे जुने रान नाही. गणित म्हणजे भविष्य नव्हे. हा पक्षी नव्या झाडांवर पोट भरायला शिकला, हे आपण आताच पाहिले. तरी धोका खरा आहे. आणि तो धोका आज कोणाला मोजता येतो, त्याच्याविषयी कोणाला बोलता येते, ते एवढ्याचसाठी की कोणीतरी थंडीत उभे राहून, धीराने, त्या पाखराची ओळख पटवून ठेवली.

आमच्या अनुभवाने आम्हाला वाटते ते असे. ओळख पटवणे हे काम वरून दिसते तितके निरुपद्रवी नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे नुकसान झाले, हे सिद्धसुद्धा करता येत नाही. म्हणून ओळख नाकारणाऱ्याचा नेहमी फायदा असतो आणि ओळख मागणाऱ्यावर पुराव्याचा बोजा असतो. तो बोजा ओरडून उतरत नाही. मोजून, ऐकून, विरुद्ध बाजूचा आक्षेप आपणच आधी मांडून उतरतो. स्कॉटलंडच्या पक्षिमित्रांनी तो तसा उतरवला. संग्रहालयातल्या खणात निजलेल्या कातड्याला आवाज नसतो. त्याच्याविषयी दुसरेच बोलतात. जिवंत पाखराच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, तेव्हा ते स्वतःविषयी स्वतःच बोलत होते. फक्त ऐकणारा यायला शंभर वर्षे लागली.

येत्या फेब्रुवारीत स्पे नदीच्या खोऱ्यात पुन्हा बर्फ पडेल आणि पाइनच्या शेंड्यावर एखादी हिरवट मादी अंड्यांवर बसलेली असेल. तिला आपल्या नावाचा वाद ठाऊक नाही. तिच्यासाठी नराने सोललेले बी पोचले म्हणजे तिचे भागते. पण ते बी पोचत राहावे, यासाठी ते झाड उभे असले पाहिजे. आणि झाड उभे ठेवण्याच्या निर्णयाच्या कागदावर तिचे नाव आता लिहिलेले आहे.